बुकमार्क ढीगभर, उत्तर मात्र सापडेना

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका आहारतज्ज्ञ आहेत. काही काळ रुग्णालयात नोकरी केल्यावर आता त्या स्वतंत्रपणे सल्ला देतात. रुग्णालयात शंका आली की विचारायला वरिष्ठ असायचे. आता फक्त इंटरनेट आहे. कुणी ना कुणी ‘खात्रीचं’ म्हणून पाठवलेल्या साइट्स, पीडीएफ, व्हिडिओ यांचा साठा इतका वाढलाय की ऐन वेळी हवं ते हाती लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या एका क्लायंटसाठी त्यांनी एका कडधान्यातली कर्बोदकं एका अमेरिकन आणि एका ब्रिटिश तक्त्यात पाहिली, तर आकडे जुळेनात. एका व्याख्यानात भूमध्यसागरी आहारावरच्या प्रसिद्ध ‘प्रेडिमेड’ अभ्यासाचा दाखला दिला, तर श्रोत्यांतून कुणीतरी ‘तो पेपर मागे घेतलाय’ म्हणालं. क्लायंट रोज नवं रील दाखवून ‘हे खरं का?’ विचारतात आणि लगेच उत्तर देता आलं नाही की आपण कच्च्या आहोत असं वाटतं. शेवटी एका प्रसिद्ध चेहऱ्याच्या महागड्या ऑनलाइन कोर्सचा पहिला हप्ता त्यांनी भरला आहे. त्या विचारतात: खात्रीच्या साइट्सची एक पक्की यादी द्याल का? आणि हा कोर्स पूर्ण करू का?

नमस्कार.

यादी पुढे ओघात येईलच. पण पत्र वाचताना मला यादीची उणीव कुठे दिसली नाही. ज्या दोन तक्त्यांनी तुम्हाला घोळात टाकलं, ते दोन्ही उत्तम आहेत. मला वाटतं, अडचण अशी झालीय की हे सगळं तुम्ही ‘विश्वासार्ह’ नावाच्या एकाच खणात कोंबलंय. विश्वासार्ह, पण कशासाठी? पदार्थात पोटॅशियम किती आहे हे एक साइट सांगते. निरोगी माणसाने ते रोज किती घ्यावं हे दुसरी सांगते. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचं पोटॅशियम कधी, किती कमी करावं हे तिसरीकडेच मिळतं. पहिलीला तिसरा प्रश्न विचारला तरी ती काहीतरी आकडा दाखवतेच, आणि घोळ तिथे सुरू होतो. म्हणून शोधायला बसण्याआधी प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा: कोणाला, काय, कशासाठी, किती काळ. सांगितलं की सगळ्यांना हे फार बाळबोध वाटतं, आणि करत कुणीच नाही.

तुमच्या कर्बोदकांपासून सुरू करू, कारण तिथे अडखळणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा ‘फूडडेटा सेंट्रल’ हा साठा कर्बोदकं बहुतेक वेळा वजाबाकीने काढतो. १०० ग्रॅम पदार्थातून पाणी, प्रथिनं, मेद आणि राख (म्हणजे खनिजं) वजा केली की उरलं ते कर्बोदक. म्हणजे त्यात तंतुमय भागही आला. ब्रिटिश तक्ते पचणारी कर्बोदकं तेवढी देतात आणि तीही मोनोसॅकराइडच्या, म्हणजे सगळ्यात साध्या शर्करेच्या, हिशेबात. १०० ग्रॅम स्टार्च तिथे ११० ग्रॅम म्हणून मोजला जातो, कारण त्याची शर्करा होताना पाण्याचे रेणू जोडले जातात. समजा, एका सुक्या कडधान्याच्या १०० ग्रॅममध्ये वजाबाकीने ६० ग्रॅम कर्बोदकं आली आणि त्यात १५ ग्रॅम तंतू आहेत. एक तक्ता ६० म्हणेल, पचणारी तेवढीच मोजणारा ४५ च्या आसपास दाखवेल. दोन्ही बरोबर. पण तुमच्या क्लायंटला ‘१५ ग्रॅम कर्बोदकांना इन्सुलिनचं एक युनिट’ असं प्रमाण ठरवून दिलं असेल, तर या दोन आकड्यांत अख्ख्या एका युनिटचा फरक आहे.

तेव्हा ‘खरा आकडा कोणता’ हा प्रश्न सोडून द्या. त्यांच्या डॉक्टरांना विचारा की हे प्रमाण ठरवताना एकूण कर्बोदकं धरली होती की पचणारी. एकदा कळलं की त्या क्लायंटपुरता एकच तक्ता ठेवा, मध्येच बदलू नका. आणि अन्न व कृषी संघटनेच्या ‘इन्फूड्स’च्या साइटवर एक दुपार घालवा. कुठल्या देशाचे अन्नघटक तक्ते कुठे मिळतात ते तिथे आहेच, शिवाय प्रत्येक घटकाला दिलेल्या सांकेतिक खुणाही आहेत. वजाबाकीने काढलेल्या एकूण कर्बोदकांना ‘सीएचओसीडीएफ’, पचणाऱ्यांना ‘सीएचओएव्हीएल’. या खुणा डोळ्यांत बसल्या की कुठलाही परका तक्ता उघडला तरी आपण काय वाचतोय ते समजतं. माझ्या मते आहारतज्ज्ञासाठी इंटरनेटवरचं हे सगळ्यात दुर्लक्षित पान आहे. दिसायला ते अगदी रुक्ष आहे, म्हणून असेल.

फूडडेटा सेंट्रलबद्दल आणखी थोडं. तिथे एक शब्द टाकला की नोंदींची रांग लागते, आणि घाईत आपण पहिली उचलतो. त्या नोंदी एका जातीच्या नाहीत. ‘फाउंडेशन फूड्स’ प्रयोगशाळेत तपासलेल्या, नमुन्याच्या तपशिलासह. ‘एसआर लेगसी’ हा जुना मोठा संच, २०१८ नंतर त्यात भर पडलेली नाही. ‘ब्रँडेड’ म्हणजे कंपन्यांनी दिलेली लेबलवरची माहिती. लेबलवर फॉस्फरस छापायचं बंधन नसतं, म्हणून ब्रँडेड नोंदीत ती जागा बहुधा मोकळीच असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा हिशेब करताना एखाद्या ॲपने ती मोकळी जागा शून्य धरली, तर दिवसाचं फॉस्फरस कागदावर सुरेख कमी दिसतं. क्लायंटच्या ॲपमधले आकडे तुमच्या आकड्यांशी जुळत नाहीत तेव्हा आधी हे पाहा, आणि मग कच्चं-शिजवलेलं पाहा. कच्च्या पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३६५ किलोकॅलरी असतात, शिजवलेल्यात १३०. अर्ध्या भांडणांचं मूळ एवढंच निघतं. बाकी, क्लायंट जिथलं अन्न खातात तिथला राष्ट्रीय तक्ता असेल तर पहिला मान त्याचा. जाती, माती, प्रक्रिया सगळ्यांनी आकडे हलतात.

आता रील. सप्लिमेंटबद्दलच्या प्रश्नांना मी एकच पहिलं ठिकाण सांगते: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या आहारपूरक कार्यालयाची, म्हणजे ओडीएसची, माहितीपत्रकं. प्रत्येक पोषकद्रव्याची दोन असतात, एक सामान्य वाचकासाठी आणि एक व्यावसायिकांसाठी. दुसरं उघडायचं. केसांसाठीच्या बायोटिनचं रील बहुतेकींच्या क्लायंटने कधी ना कधी दाखवलेलं असतं. त्या पत्रकात दिसेल की प्रौढांसाठी पुरेसं प्रमाण दिवसाला ३० मायक्रोग्रॅम धरलं आहे, आणि केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम सर्रास असतं. पण त्याहून कामाची गोष्ट पुढे आहे. एवढं बायोटिन रक्तात असेल तर काही तपासण्यांचे निकाल खोटे येतात. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच हे संप्रेरक प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी-४ हे जास्त दिसून, ती ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत असल्याचा भास होऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये यावर इशाराही दिला. क्लायंट विचारतात ‘केस वाढतात का?’ पण तुम्ही त्यांना विचारायला हवं, ‘रक्ततपासणी कधी आहे आणि डॉक्टरांना या गोळ्यांचं सांगितलंय का?’ चांगलं पान माहितीबरोबर असा प्रश्नही हाती देतं.

वनस्पतींचे अर्क, वजन उतरवणारी मिश्रणं यांसाठी ‘लिव्हरटॉक्स’ ठेवा. यकृताला इजा करणाऱ्या औषधांचा तो मोफत कोश आहे आणि त्यात हर्बल पदार्थही आहेत. ग्रीन टी कपातून पिणं वेगळं आणि तिचा अर्क कॅप्सूलमधून घेणं वेगळं, हे क्लायंटला पटवायला तिथलं एक पान पुरतं. स्तनपान करणाऱ्या आईच्या औषधांसाठी तसाच ‘लॅक्टमेड’ हा कोश.

‘हे खाल्ल्याने अमुक आजारात फायदा होतो का?’ या जातीचे प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तिथेच आपण सगळ्यात घाई करतो. सरळ पबमेड उघडून, मथळा आवडला तो पेपर उचलायचा. पबमेड ही वैद्यकीय संशोधनाच्या पेपरांची सूची आहे. १९९७ पासून ती सर्वांना मोफत आहे आणि तिच्याशिवाय चालणारही नाही, पण एखादा पेपर तिथे सापडला म्हणजे तो चांगलाच असतो असं नाही. मी उलट्या टोकाने जायला सांगेन. आधी त्या आजाराच्या तज्ज्ञ संस्थेची गाइडलाइन. रुग्णालयीन पोषणासाठी ‘एस्पेन’ या युरोपीय संस्थेच्या गाइडलाइन्स त्यांच्या साइटवर मोफत आहेत, मूत्रपिंडासाठी ‘केडोक्यूआय’ या अमेरिकन गाइडलाइनची २०२० ची आवृत्ती आहे, बालकांच्या वाढीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मापदंड आणि त्यांचं ‘अँथ्रो’ सॉफ्टवेअर आहे. सार्वजनिक पोषणावर काम करत असाल तर त्याच संघटनेचं ‘ईलेना’ हे ऑनलाइन ग्रंथालय. तिथे उत्तर नसेल तर कोक्रेन लायब्ररी, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यांचा संग्रह. पूर्ण आढावा कधी कधी पैशाआड असतो, पण साध्या भाषेतला सारांश सर्वांना खुला असतो आणि क्लायंटशी बोलायला बहुतेक वेळा तोच लागतो. या दोन्हीकडे काही मिळालं नाही, तरच पबमेड. आणि तिथेही आधी ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ची, म्हणजे अशाच पद्धतशीर आढाव्यांची, गाळणी लावून.

इतकी सावधगिरी का, ते सांगते. बीटा-कॅरोटीन भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं निरीक्षणात्मक अभ्यासांत (लोक आपणहून काय खातात ते नुसतं पाहणाऱ्या) दिसत होतं. मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. त्या आधीच्या वर्षांत एखाद्या आहारतज्ज्ञाने चांगल्या नियतकालिकातला चांगला पेपर वाचून धूम्रपान करणाऱ्याला ती गोळी सुचवली असती, तर तिचं वाचन कमी होतं असं कुणी म्हटलं नसतं.

प्रेडिमेडबद्दल: श्रोत्याचं म्हणणं खरं होतं, पण अर्धं. स्पेनमधला हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे साडेसात हजार लोकांवरचा. पुढे लक्षात आलं की काही ठिकाणी रँडमायझेशन, म्हणजे लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटणं, नीट झालेलं नव्हतं: एकाच घरातल्या माणसांना एकाच गटात टाकलेलं, आणि एका केंद्रावर तर अख्ख्या दवाखान्यांना गट वाटून दिलेले. २०१८ मध्ये लेखकांनी पेपर मागे घेतला आणि नव्याने विश्लेषण करून त्याच नियतकालिकात पुन्हा छापला. आकडे साधारण तसेच राहिले. आहारामुळेच फायदा झाला, हे म्हणण्याची भाषा मात्र सौम्य झाली. म्हणजे तुमचा मुद्दा खोटा पडला नव्हता, पण दाखला जुन्या आवृत्तीचा होता. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर ‘हो, आणि त्याच वर्षी तो सुधारून पुन्हा आला’ एवढं सांगता येईल. असा प्रसंग टाळायचा तर ‘झोटेरो’ वापरा. संदर्भ साठवायचं हे मोफत साधन मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’शी जोडलेलं आहे, तुम्ही जपून ठेवलेला पेपर मागे घेतला गेला की ते लाल पट्टी दाखवतं. बुकमार्कांना ही सोय नाही.

पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडायचं साधन कायदेशीर मोफत प्रत असल्यास शोधून देतं. नाहीच मिळाली तर लेखकांना दोन ओळींची ईमेल लिहा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आपला पेपर कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

एआय चॅटबॉटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण वापरत असालच. शब्द सुचवायला, इंग्रजी गाइडलाइनचा गोषवारा करायला हरकत नाही. तो देतो ते संदर्भ मात्र एकेक करून पबमेडमध्ये टाकून पाहिल्याशिवाय पुढे नेऊ नका. लेखक खरे, नियतकालिक खरं आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही, असं होतं. व्यावसायिकांच्या ग्रुप्सचंही तसंच. ‘नळीने आहार देताना जुलाब होताहेत, तुम्ही आधी काय बदलता?’ याला अनुभवी मैत्रिणीचं उत्तर सोन्यासारखं. ‘हे सिद्ध झालंय का?’ याला ग्रुप कामाचा नाही, तिथे जो जोरात बोलतो तो जिंकतो. आणि कृपा करून क्लायंटचे रिपोर्ट तिथे टाकू नका, नाव झाकूनसुद्धा नाही. वय, गाव, आजार आणि तारीख एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: लगेच उत्तर देता आलं नाही की आपण कच्च्या आहोत असं वाटतं. ही अट तुम्हाला कुणी घातली? रील बनवणाऱ्याला तीस सेकंदांत खात्रीने बोलावंच लागतं, त्याचं पोट त्यावर आहे. तुम्ही त्याच्याशी त्याच्या वेगाने का स्पर्धा करता? क्लायंटला सांगा, ‘रील मला पाठवून ठेवा, गुरुवारपर्यंत लिहून कळवते. तोवर नवी गोळी सुरू करू नका आणि डॉक्टरांनी दिलेली बंद करू नका.’ आणि गुरुवारी खरंच कळवा, चार ओळीत. पहिल्यांदा हे म्हणायला जीभ जड होते. पण क्लायंट याने नाराज होतात हा आपला समज आहे. आपल्यासाठी कुणीतरी वेळ काढून शोधलं, हे बहुतेकांना आवडतंच.

त्या चार ओळी फेकून देऊ नका. एका वहीत किंवा फाइलमध्ये प्रत्येक प्रश्नाचं एक पान करा: प्रश्न, तुमचं उत्तर, कुठे पाहिलं, कोणत्या तारखेला. वर्षभरात लक्षात येईल की क्लायंटचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात आणि रोज बदलतं ते फक्त रील. ज्या विषयांत तुमचे क्लायंट जास्त आहेत त्यांचा शोध पबमेडमध्ये जतन करून ठेवा, नवं काही आलं की ईमेल येते. मात्र दोन-तीनच विषय, आणि ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ची गाळणी लावून, नाहीतर त्या ईमेलचाच नवा ढिगारा होईल. जुने बुकमार्क मी तर सरळ एका फोल्डरमध्ये टाकून बाजूला करेन. ज्याची आठवण होईल ते तिथून उचला. बाकीच्यांकडे वर्षभर फिरकलाच नाहीत तर पुसून टाका.

पैसे कुठे खर्चावेत, हेही विचारात घेऊ. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं फुकट आहे. पैसे घालायचेच असतील तर ‘पेन’ नावाची सेवा पाहण्यासारखी आहे. कॅनडाच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने ती २००५ मध्ये सुरू केली. तिची मांडणीच व्यवसायात येणाऱ्या प्रश्नांवर आहे: प्रश्न, उत्तर, आणि त्यामागचा पुरावा किती भक्कम त्याची श्रेणी. तुमच्यासारख्या एकट्या काम करणाऱ्यांसाठी वरिष्ठांच्या जवळ जाणारं असं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. दोघी-तिघींनी मिळून वर्गणी भरायचा विचार असेल तर आधी त्यांच्या अटी वाचा.

कोर्सचं मी ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं सांगत नाही, कारण त्यातला मजकूर मी पाहिलेला नाही. पण तुम्ही तो का घेतलात हे पत्रात स्वच्छ दिसतं. व्याख्यानातल्या त्या प्रसंगानंतर दोन आठवड्यांत पैसे भरलेत. ती जखम वर सांगितलेल्या एका वाक्याने भरून निघते, तिला अख्खा कोर्स लागत नाही. दुसऱ्या हप्त्याआधी त्यांना ईमेलने विचारा: प्रमाणपत्राला तुमच्या नोंदणीकर्त्या संस्थेची मान्यता आहे का, प्रत्येक धड्यामागचे संदर्भ आधी पाहायला मिळतील का, आणि शिकवणाऱ्यांचा एखाद्या सप्लिमेंट कंपनीशी आर्थिक संबंध आहे का. दोन-तीन संदर्भ मागवूनच घ्या आणि ते पबमेडमध्ये स्वतः उघडून पाहा, धड्यात सांगितलंय तेच तिथे लिहिलंय का. एका संध्याकाळचं काम आहे. जुळलं तर हप्ता भरा, मजेत शिका. टोलवाटोलवीची उत्तरं आली तर पहिल्या हप्त्याचे पैसे गेले असं समजा, आणि परतीचा नियम काय आहे तेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.